मरणाच्या उंबरठ्यावरची सोबत

मृत्यू अटळ आहे, हे सांगण्यास तत्त्वज्ञ लागत नाही. परंतु मरणाऱ्याची शेवटची रात्र सुसह्य कशी करावी, हे परिचारिकाच जाणते. 'आता उपाय नाही' असे म्हणून डॉक्टर जेथे थांबतात, तेथून तिचे काम सुरू होते. कोरडे ओठ ओल्या बोळ्याने भिजविणे, वरचेवर कूस बदलणे, वेदना उसळण्यापूर्वी औषध देणे आणि 'मी वाचेन ना?' या प्रश्नापासून पळ न काढणे, हे ते काम होय.

या कामास शास्त्राची प्रतिष्ठा दिली ती सिसिली साँडर्स यांनी. त्या मूळच्या परिचारिका. १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले. देहाच्या वेदनेत मनाची, संसाराची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, हे त्यांचे निदान. भारतातील असे पहिले गृह, 'शांती आवेदना सदन', १९८६ साली मुंबईत वांद्र्यास निघाले.

अरुणा शानबाग यांची कथा मात्र या विचाराची कसोटी पाहणारी आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात झालेल्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत केईएमच्या परिचारिकांनी आपल्या या सहकारिणीस सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नव्हता, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात कौतुकाने नोंद घेतली. त्यांचे अन्न थांबविण्याची मागणी या परिचारिकांना मान्य नव्हती. येथे मतभेदास जागा आहे. पण मरण लांबवू नये असे मानणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी: उपचार थांबू शकतात, शुश्रूषा थांबत नाही.

खानदेशास हा विचार नवा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. आठव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी अंतकाळाची तयारी आयुष्यभर करावयास सांगितले. परंतु असह्य कळांनी तळमळणाऱ्याकडून चित्ताची शांती कोणी मागावी? प्रथम कळ शमली पाहिजे. मॉर्फिन हे त्यासाठीचे स्वस्त औषध. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने त्याची वाट बिकट केली आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती काहीशी मोकळी केली. २०१८ साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्कही मान्य केला.

तथापि हक्क कागदावर राहतो आणि रोगी खाटेवर. मुंबईहून 'घरी न्या' असे ऐकून जळगाव-धुळ्याकडे परतणाऱ्या कर्करोग्याच्या वाट्यास आज बहुधा घरच्यांची भाबडी माया आणि सर्वांनी मिळून लपविलेले सत्य एवढेच येते. मायेच्या जोडीस वेदनाशमनाचे शिक्षण घेतलेली एखादी परिचारिका तालुक्याच्या गावी असेल, तर त्या घरातील मरण तरी निराधार होणार नाही. हा खर्च मोठा नाही. मरणाऱ्याचेही आपल्यावर काही देणे आहे, हे मान्य करण्याचा तो प्रश्न आहे.