बास मासा वर्षातून चार वेळा पत्ता का बदलतो?

जानेवारीत अमेरिकेतल्या फॉन्टाना धरणावर गेलात तर वाटेल, इथं दुष्काळ पडलाय. काठावर उघड्या मातीचे रुंद पट्टे आणि पाणी पार खाली दरीत. तेच जूनमध्ये गेलात तर पाणी झाडांच्या मुळांना टेकलेलं. दोन्हींत फरक 50 फुटांहून जास्त!

आपल्याकडे धरणं मे महिन्यात तळ गाठतात आणि पावसाळ्यात भरतात. इथं मात्र हिवाळ्यात पाणी मुद्दाम सोडून देतात, कारण हिवाळा आणि वसंतातल्या पावसाचे पूर अडवायला जागा रिकामी लागते.

नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, लिटल टेनेसी नदीवर हे 480 फूट उंच धरण आहे. दुसऱ्या महायुद्धात ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज हवी होती, म्हणून 1942 ते 1944 या काळात टेनेसी व्हॅली अथॉरिटीने, म्हणजे टीव्हीएने ते बांधलं. आज इथं लोक गळ घेऊन येतात ते स्मॉलमाऊथ आणि लार्जमाऊथ बाससाठी.

आता मुद्द्याचं. बास शीतरक्ताचा मासा आहे. पाणी जेवढं गार किंवा गरम, तेवढंच त्याचं शरीर. म्हणून तो कुठे राहणार, किती खाणार, हे पाण्याचं तापमान ठरवतं.

हिवाळा : पाणी गार, मासा सुस्त. तो खोल उतारांवर आणि खडकांच्या कडेला थांबतो. पचन मंदावलेलं असतं, त्यामुळे भूकही कमी. आमिष तळाशी अगदी सावकाश सरकवावं लागतं. पळत्या आमिषामागे धावायची त्याची तयारी नसते.

वसंत : उथळ खाड्या आधी तापतात आणि मासे काठाकडे येतात. पाणी 15-16 अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की स्मॉलमाऊथचा नर शेपटीने तळ झाडून खळगा करतो. हेच त्याचं घरटं. लार्जमाऊथ थोडं आणखी गरम पाणी पसंत करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. जवळ आलेल्या कशावरही तो झडप घालतो, त्यामुळे या दिवसांत तो पटकन गळाला लागतो.

उन्हाळा : गरम पाणी हलकं म्हणून वर, गार पाणी जड म्हणून खाली. मधल्या थरात तापमान झपाट्याने उतरतं. बरेच बास दिवसा या थराच्या आसपास सावलीला राहतात आणि पहाटे किंवा रात्री वर येऊन शिकार करतात. म्हणूनच भर दुपारी काठावर गळ टाकून बसलेला माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो.

शरद : वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, थर मोडतात आणि पाणी ढवळून निघतं. त्यातच धरणाची पातळी उतरू लागते. छोट्या माशांचे थवे हलले की त्यांच्यामागे बास जातो. हिवाळ्याआधी पोट भरायची त्याची घाई असते. पण काल जिथे मासे होते, तिथे आज कोरडी जमीन असू शकते.

इथं दोन गोष्टी माणसाच्या हातात आहेत. पहिली म्हणजे पाण्याची पातळी. अंडी असताना पाणी एकदम उतरलं तर घरटी उघडी पडतात. म्हणून वसंतात काही दिवस पातळी स्थिर ठेवायचा टीव्हीए प्रयत्न करते.

दुसरी गोष्ट गळ टाकणाऱ्याची. घरट्यावरचा नर पकडून लगेच सोडला तरी तेवढ्या वेळात छोटे मासे अंडी फस्त करू शकतात. त्याला डबक्यात घालून दूर नेला तर घरटं गेलंच समजा. खोलातून झटकन वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. मग सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही.

म्हणून बास कुठे आहे हे ओळखायला शिकताना, त्याला कधी आणि कुठे सोडून द्यायचं हेही शिकावं लागतं. वसंतात घरट्यावर राखण करणारा नर दिसला तर गळ थोडा पुढे नेऊन टाकावा. त्याची पिल्लं जगली, तरच पुढच्या काही वर्षांत तिथं गळ टाकण्यात अर्थ राहील.