कोपीतली वीज आणि माणसाचा जीव



गळीत हंगाम तोंडावर आला, की तोडणीच्या टोळ्या घाट उतरून आपल्या शिवारात येतात. आपण त्यांना पाण्याजवळची जागा दाखवतो. एका दिवसात कोप्या उभ्या राहतात आणि संध्याकाळी मुकादम विचारतो, "मालक, लाईटीचं काय?" मग मोटारीच्या पेटीतून एक वायर निघते, कुंपणावरून, आंब्याच्या फांदीवरून कोपीत जाते. दिवा लागला, मोबाईल चार्ज झाला, काम झालं असं आपण समजतो.

मागील हंगामात एका प्लॉटची पाहणी करताना मी स्वतः पाहिले. वायरचा जोड उघडा पडून कपडे वाळवायच्या तारेला टेकला होता. टोळीतल्या बाईने ओले लुगडे तारेवर टाकले आणि ती मागे फेकली गेली. दैव बलवत्तर म्हणून वाचली. पेटीतला फ्यूज मात्र शाबूत होता! सभासदाला मी हे दाखवले, तर तो म्हणाला, "सायबानू, फ्यूज आसा मां, मगे आणखी खर्च कित्याक?" हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून हा लेख.

फ्यूज किंवा एम.सी.बी. हे वायरचे राखणदार आहेत, माणसाचे नव्हेत. १६ अँपिअरचा फ्यूज १६ अँपिअरपेक्षा बराच जास्त करंट गेल्याशिवाय उडत नाही. ओल्या अंगाच्या, अनवाणी माणसातून २३० व्होल्टला साधारण पाव अँपिअरच्या आत करंट जातो. फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. पण माणसाचे काय? १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताची मूठ सुटत नाही. ५० मिलिअँपिअरच्या पुढचा करंट सेकंदभर छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकते. एक अँपिअर म्हणजे १००० मिलिअँपिअर, हे ध्यानात घ्या.

"आमची अर्थिंग आहे," असेही काहीजण सांगतात. आपली जमीन जांभ्याची. पावसात तीन हजार मिलिमीटर पाणी पडले तरी मार्चमध्ये कातळ कोरडा ठणठणीत असतो. अशा जागी अर्थिंगचा विरोध १०० ओहम धरला, तर २३० भागिले १०० म्हणजे फक्त २.३ अँपिअर करंट जमिनीत जाईल. फ्यूज उडणार नाही आणि शेडचा पत्रा तसाच जिवंत राहील. मालवण किनाऱ्याकडे खाऱ्या हवेने अर्थिंगची तार व नटबोल्ट गंजून तुटतात, ते वेगळेच.

इथे आर.सी.सी.बी. उपयोगी पडते. बाजारात तिला अजून ई.एल.सी.बी. म्हणूनही मागतात. काम सोपे आहे. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला पाहिजे. जेवढा कमी आला, तेवढा कुठेतरी, कदाचित माणसातून, जमिनीत गेला. हा फरक ३० मिलिअँपिअर झाला, की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते. गळती मोठी असेल तर आणखी लवकर. वरच्या उदाहरणातील २.३ अँपिअर गळतीला ती तत्काळ पडेल. चांगल्या बनावटीची आर.सी.सी.बी. साधारण एका टन उसाच्या पैशात येते.

आता करायचे काय, ते क्रमाने :

१) शेतीपंपाच्या जोडणीवरून कोपीला वीज देऊ नये. मंजूर कारणाखेरीज वापर हा विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली येतो. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी. दोन-तीन दिव्यांचीच गरज असेल तर सौर दिवे द्यावेत, शॉकचा प्रश्नच मिटतो.

२) वीज जिथून निघते तिथेच झाकणाच्या प्लास्टिक पेटीत मेन स्विच, एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवावी. एकटी आर.सी.सी.बी. जादा भार ओळखत नाही, म्हणून दोन्ही हव्यात.

३) पुढे तीन तारांची, जाड रबरी वेष्टनाची, बिनजोडाची केबल न्यावी. ती पाचटाला, चुलीला व कपड्यांच्या तारेला लागता कामा नये.

४) अर्थिंगसाठी निदान अडीच मीटरचा जी.आय. पाईप ओलसर जागी पुरावा. पत्र्याची शेड व लोखंडी सांगाडा त्याला जोडावा.

५) आर.सी.सी.बी.वरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबावे. पुरवठा तुटला नाही तर ती बदलावी. ती वारंवार पडत असेल तर दोष शोधावा, तिला बगल देऊन तार जोडू नये.

६) हे सारे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरला, तर आर.सी.सी.बी.ला तो माणूस दिव्यासारखाच वाटतो. म्हणून उघडे जोड चालणार नाहीत ते नाहीतच.

तारकर्ली-देवबागकडे ज्यांनी पर्यटकांसाठी तंबू किंवा चाकांवरची घरे उभी केली आहेत, त्यांनाही हेच लागू. राज्याचे कॅरावॅन धोरण २०२१ मध्ये आले. अशा गाडीचे अंग लोखंडी, खाली वाळू आणि पाहुणा ओल्या अंगाने समुद्रावरून येणार. तेव्हा प्रत्येक गाडीला स्वतंत्र आर.सी.सी.बी. असावी.

कुणाला शॉक लागलाच, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा.

टोळी चार-सहा महिने आपल्या बांधावर राहते. तिची पोरेबाळे आपल्या भरवशावर झोपतात. या हंगामात कोप्या पडण्यापूर्वी पेटी तयार ठेवा. काही अडचण वाटल्यास गट कार्यालयात अवश्य भेटा.

आपला,
ऊस विकास अधिकारी