बुरूज

सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहून काळ्या कोटाकडे वळले की मुले हमखास विचारतात, ‘बुरूज म्हणजे काय हो?’ तटाच्या भिंतीतून पुढे आलेला, बहुधा गोल भाग. भिंतीच्या पायथ्याशी भिडलेला शत्रू सरळ तटावरून दिसत नाही. बुरुजावरून त्याला बाजूने टिपता येते.

शब्द मात्र लांबचा प्रवासी. आपल्याकडे तो फारसीतून आला, फारसीत अरबीतून. अरबीत एक तो ‘बुर्ज’, अनेक ते ‘बुरूज’. आपण एकालाही बुरूजच म्हणतो! कुराणातल्या ८५व्या सुरेचे नाव ‘अल्-बुरूज’. तिथे अर्थ आकाशातली तारामंडळे. अरबीच्याही मागे अभ्यासक ग्रीक ‘पिर्गोस’, म्हणजे मनोरा, दाखवतात. बल्गेरियात काळ्या समुद्राकाठी बुर्गास नावाचे शहर आहे, तेही याच गोतावळ्यातले.

एका कविसंमेलनानंतर मला कुणी विचारले, ‘बुरूज तुमचा की आमचा?’ मी म्हणालो, शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी रायगडावर हिरकणीचा बुरूजच राहिला. त्या गवळणीच्या नावापुढे दुसरा शब्द लावून पाहा बरे.