घरगुती बेकरी : वाढ उद्योगाची, झीज गृहिणीची नको

नांदेड शहरानजीक गोदावरीवर उभारलेल्या प्रकल्पामुळे विष्णुपुरीचे नाव मराठवाड्यात सर्वतोमुखी झाले. पुढे हा परिसर विद्येचेही केंद्र बनला. १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था, १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, तसेच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय या संस्था येथे आहेत. घरापासून दूर राहणारे विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक आणि कर्मचारी यांना चहाबरोबर नानकटाई, खारी, टोस्ट आणि वाढदिवसाला केक हवा असतो. अशा ठिकाणी घरात ओव्हन ठेवून लहानसा उद्योग करण्यास चांगला वाव आहे.

परंतु गिऱ्हाईक मिळविण्यापेक्षाही बिकट प्रश्न गिऱ्हाईक वाढल्यावर उभा राहतो. मागणी दुप्पट होते, हात मात्र दोनच राहतात. दिवाळीत रात्र रात्र जागून माल पुरविणारी गृहिणी पुढे आजारी पडते अथवा कंटाळून उद्योगच बंद करते. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आपल्या वर्गीकरणात केली आहे. शक्तिपात, कामाविषयी उबग आणि कार्यक्षमतेत घट ही तिची तीन लक्षणे होत.

दुहेरी भार

केंद्र शासनाच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २८९ मिनिटे देतात. पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ८८ मिनिटांचा आहे. म्हणजे ओव्हन पेटविण्यापूर्वीच गृहिणीचे जवळजवळ पाच तास खर्ची पडलेले असतात. घरगुती उद्योगाची आखणी करताना हा वेळ प्रथम वजा करावयास हवा. त्यात मराठवाड्याचा उन्हाळा कडक. ओव्हनचे काम पहाटे उरकून दुपारी वेष्टन व हिशेब करणे श्रेयस्कर ठरते.

श्रमाचे मोल

अनेक गृहिणी मैदा, साखर, तूप यांचा खर्च धरतात, स्वतःच्या श्रमाचा मात्र धरीत नाहीत. एक उदाहरण पाहू. समजा, एक किलो नानकटाईस साहित्य, वीज व वेष्टन मिळून २४० रुपये लागतात आणि ती ३०० रुपयांस विकली जाते. तासाला एक किलो या हिशेबाने चार तासांत चार किलो माल होतो व २४० रुपये उरतात. आता गिऱ्हाईक वाढावे म्हणून भाव २६० रुपयांवर आणला, तर किलोमागे केवळ २० रुपये राहतील. तेच २४० रुपये मिळविण्यास बारा किलो माल, म्हणजे बारा तास श्रम लागतील. विक्री तिप्पट झाली, मिळकत मात्र होती तेवढीच राहिली! दिवसाला किती माल करावयाचा याची मर्यादा आधी ठरवून त्यानुसार मागणी स्वीकारणे, हाच यावरील उपाय होय.

कोणता माल करावा, यालाही महत्त्व आहे. मलईचा केक त्याच दिवशी द्यावा लागतो. टोस्ट, खारी, नानकटाई हे पदार्थ कोरडे असल्याने टिकतात. त्यामुळे सणाचे काम आठ-दहा दिवसांत विभागता येते. ज्वारी तर या भागाचेच पीक. तिच्या पिठाचा पाव गव्हासारखा फुगत नाही, पण बिस्किटे खुसखुशीत होतात.

लिज्जतचा धडा

एकटीने अधिक राबण्याऐवजी काम वाटून उद्योग कसा वाढतो, याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगाव येथे सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी खाट व शेगडी आणली; खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी सोय केली. अडचणीवर त्यांनी जास्त श्रमाने नव्हे, तर साधनाने मात केली.

संस्थेची कार्यपद्धती अभ्यासण्याजोगी आहे. पीठ शाखेत मळले जाते. भगिनी ते घरी नेतात, आपल्या सवडीने पापड लाटतात व दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड परत देऊन लाटणावळ घेतात. खरेदी, विक्री व हिशेब यांचा भार एकीवर पडत नाही. हजारो भगिनींना काम देणाऱ्या या संस्थेच्या संस्थापक सदस्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सामाईक भट्टी

बेकरीस ही पद्धत थोडी उलट करून लावता येईल : पीठ घरी मळावे आणि भाजणी एकत्र व्हावी. आपल्याकडे दिवाळीपूर्वी गृहिणी रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात व बिस्किटे भाजून आणीत. त्याच धर्तीवर बचत गटातील पाच-सहा जणींनी एक मोठा ओव्हन घेऊन पाळीपाळीने भाजणी केली, तर प्रत्येकीला आठवड्यातून हक्काची सुटी मिळेल. एक आजारी पडली तरी मागणी अडणार नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ व ‘उमेद’ अभियान ही गटबांधणीसाठीची शासकीय माध्यमे आहेत. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यान्वये लहान उत्पादकासही नोंदणी आवश्यक आहे, याचा विसर पडू नये.

पंचायत व शाळा

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाची १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिच्या नियोजनात सामाईक भट्टीचा विचार व्हावा. शाळा व कार्यालयांनी समारंभाच्या खाऊची मागणी आदल्या दिवशी न देता आठवडाभर आधी नोंदवावी आणि देयक वेळेवर चुकते करावे. एवढ्यानेही कितीतरी जागरणे टळतील. आणि घरातील पुरुषांनी पाणी भरणे, माल पोहोचविणे ही कामे उचलली, तर तो सर्वांत जवळचा हातभार ठरेल.

घरगुती उद्योगाचे खरे भांडवल म्हणजे तो चालविणारीचे आरोग्य. ते राखून झालेली वाढच टिकाऊ असते; कारण उद्योग चालतो तो एका सणापुरता नव्हे, वर्षानुवर्षे.