वापरली नाही म्हणूनच बॅटरी गेली

ऑक्टोबर लागला, कोर्ट वाळलं, की कात्रजच्या आमच्या सोसायटीत टेनिसचं बॉल मशीन क्लब हाउसच्या खोलीतून बाहेर येतं. पहिल्या वर्षी ते बाहेर काढलं तेव्हा बटण दाबल्यावर दिवा लागला, चेंडू फेकणारी चाकं क्षणभर घुरघुरली आणि थांबली. बॅटरीला मल्टिमीटर लावला, तर आकडा आला १०.९ व्होल्ट. चार्जरला लावली तर अर्ध्या तासात हिरवा दिवा! सगळ्यांना हायसं वाटलं. मग कोर्टावर जेमतेम दहा मिनिटं चेंडू आले आणि पुन्हा सगळं ठप्प. 'चार महिने कुणी हात लावला नाही, मग खराब झालीच कशी?' हे जो तो विचारत होता.

बॅटरी वापरून झिजते आणि ठेवून दिली की टिकते, हा समज पक्का असल्यामुळेच हा प्रश्न पडतो. या मशीनच्या बाबतीत तो जवळजवळ उलटा आहे.

उचलून नेता येणाऱ्या बहुतेक बॉल मशीनमध्ये १२ व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते त्याच जातीची. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. तशीच पडून राहिली तर त्याचे खडे मोठे आणि टणक होत जातात, आणि मग चार्जर कितीही वेळ लावला तरी ते हलत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अर्ध्या तासात हिरवा दिवा लागला तो याचमुळे. आत वीज साठवायला जागाच उरली नव्हती, म्हणून भांडं लगेच भरलं.

आमच्याकडे झालं होतं ते असं. जूनच्या एका संध्याकाळी घाटाकडून ढग उतरले, सर आली आणि आम्ही मशीन होतं तसं उचलून आत ठेवलं. बॅटरी उतरलेली होती, आणि त्यानंतर पावसाळाभर कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. चांगली भरून ठेवलेली बॅटरीसुद्धा काही न जोडता पंचवीस अंशांच्या आसपास महिन्याला साधारण तीन टक्के आपोआप उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तेवढं तिला सोसतं. उतरलेल्या अवस्थेतले चार महिने सोसत नाहीत.

'पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये' हा सल्ला मी कोर्टावर सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे, आणि सांगणारी माणसं अनुभवी असतात. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये त्या असायच्या, आणि अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की त्यांची क्षमता घटल्यासारखी व्हायची. लेड-अ‍ॅसिडला असली 'मेमरी' नसते. तिला प्रत्येक वेळी तळापर्यंत उतरवली तर ती साधारण दोनशे फेऱ्यांत दमते. निम्म्यावर थांबलात तर त्याच्या दुपटीनं टिकते. म्हणून तासभर खेळलात तरी त्याच दिवशी चार्जिंगला लावा. बॅटरी गरम लागत असेल तर अर्धा तास थांबा, एवढंच. सेटिंग न बदलता बेसलाइनजवळ पडणारे चेंडू आखूड पडू लागले की खेळ थांबवायची वेळ झाली.

आता चेंडू गोळा करण्याची वेळ. 'चेंडू सुटत नाहीत, म्हणजे बॅटरी खर्च होत नाही' असं समजून आपण मशीन चालूच ठेवतो. जरा हिशोब करा. टेनिसचा चेंडू सुमारे ५८ ग्रॅमचा. तो ताशी ६० किलोमीटरनं फेकायला जेमतेम ८ ज्यूल ऊर्जा लागते. १८ अँपिअर-अवरच्या बॅटरीत पावणेआठ लाख ज्यूल असतात. सगळी ऊर्जा चेंडूतच गेली असती तर एका चार्जिंगमध्ये लाखभर चेंडू निघाले असते! तसं होत नाही, कारण बरीचशी वीज दोन चाकं सतत फिरती ठेवण्यात, मोटार तापण्यात आणि बेअरिंगच्या घर्षणात जाते. रिमोटवरून चेंडू थांबवले तरी बहुतेक मशीनमध्ये चाकं फिरतच असतात. 'सुरू करताना जास्त करंट खातं' हे खरं, पण तो झटका एक-दोन सेकंदांचा. चेंडू वेचायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ मशीन बंद करा.

बॅटरीवर १८ लिहिलंय आणि मशीन ६ अँपिअर घेतं, मग तीन तास चालायलाच हवं, असं वाटतं. तो आकडा सहसा वीस तास हळूहळू वापरण्याचा असतो, म्हणजे एक अँपिअरहूनही कमी करंटचा. जोरात ओढली की तीच बॅटरी कमी देते. नवी असतानाही दोन-सव्वादोन तास मिळाले तर तुम्हाला कुणी फसवलेलं नाही.

चार्जरच्या बाबतीत मात्र हयगय नको. 'बारा व्होल्टचा कुठलाही चालतो' म्हणून कारच्या मोठ्या बॅटरीचा चार्जर लावला तर जास्त करंटमुळे ही लहान बॅटरी तापते आणि फुगते. सोबत आलेलाच चार्जर वापरा. काम झाल्यावर तो आपोआप करंट कमी करत नसेल तर रात्रभर लावून ठेवू नका.

नव्या, हलक्या मशीनमध्ये लिथियम बॅटरी येते. तिला काही पाहावं लागत नाही, असं सांगतात. फेऱ्या ती जास्त देते, हे खरं. पण ती महिनोन्‌महिने ठेवताना पूर्ण भरलेली नको, साधारण निम्मी हवी, म्हणजे लेड-अ‍ॅसिडच्या बरोबर उलट. आणि बनवणाऱ्यानं चालेल असं सांगितल्याशिवाय लेड-अ‍ॅसिडचा चार्जर तिला लावू नये.

ऊन दोघींचाही वैरी. लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढेल तसं साधारण निम्मं होतं असं धरतात. एप्रिलमध्ये मशीन गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. फरशीवर ठेवल्यानं मात्र काही बिघडत नाही, लाकडी पाटाची गरज नाही. सीलबंद बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला झाकण उचकटू नका.

गेलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. शिसं विषारी आहे आणि ती फोडताना आम्ल मातीत जातं. बॅटरीच्या दुकानात जुनी घेऊन नवीवर पैसे कमी करतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आम्ही आता जूनच्या पहिल्या सरीआधी बॅटरी पूर्ण भरतो, वायर काढून ठेवतो आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की पुन्हा एकदा चार्जिंगला लावतो. तुमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावरही ही तारीख आजच लिहून ठेवा.