एमएस्सी मायक्रोबायोलॉजी: ऐकीव काय, खरं काय

"पोरगी नोएडाला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायला चाललीय," असं सांगितलं की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले: "म्हणजे डॉक्टर होणार?" आणि "मग रक्त-लघवीची लॅब काढणार का?" दोन्ही प्रश्न आपुलकीचे असले, तरी दोन्हींच्या मुळाशी गैरसमज आहे.

आधी डॉक्टरकीचं. एमबीबीएसनंतर करतात ती एमडी मायक्रोबायोलॉजी, म्हणजे वैद्यकाची पदवी. बीएस्सीनंतरची दोन वर्षांची एमएस्सी ही विज्ञानाची. तिच्या जोरावर रुग्णाला औषध लिहून देता येत नाही.

आता लॅबचं. नोएडाच्या सेक्टर 62 मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्स ही केंद्र सरकारची संस्था आहे. लसी, इन्सुलिन, रक्तापासून केलेली औषधं यांची गुणवत्ता तिथे तपासली जाते. इंजेक्शनचं औषध निर्जंतुक आहे का, हे पाहण्याची चाचणीच घ्या. नमुना दोन वेगवेगळ्या माध्यमांत घालायचा. एक 30 ते 35 अंशांवर ठेवायचं, दुसरं 20 ते 25 वर, आणि किमान 14 दिवस थांबायचं. मध्ये मध्ये नळी उजेडासमोर धरून द्रव गढुळला का ते बघायचं. काहीच उगवलं नाही, तर नमुना पास. औषध कंपन्यांत हेच काम रोज चालतं. डेअरी, पिण्याचं पाणी, वाइन, जैविक खतं ही क्षेत्रं आणखी वेगळी. कोविडच्या काळात, 27 जुलै 2020 रोजी, दिवसाला दहा हजारांहून अधिक नमुने तपासू शकणाऱ्या तीन प्रयोगशाळांचं उद्घाटन झालं. त्यांतली एक नोएडातच, आयसीएमआरच्या कर्करोग प्रतिबंध संस्थेत होती. इतकं मोठं हे क्षेत्र आहे, आणि आपण त्याला गल्लीतल्या लॅबएवढं करून टाकतो!

"जंतूंची नावं पाठ केली की झालं," हे तर साफ चूक. ग्रॅम स्टेनिंग बीएस्सीपासून करतात, तरी एमएस्सीतही हात चुकतो. जांभळा रंग, आयोडीन, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन. अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं, की जांभळे दिसायला हवेत ते जिवाणू गुलाबी दिसतात आणि निष्कर्षच उलटा निघतो. हे पुस्तकातून येत नाही. स्लाइड बिघडवत बिघडवतच हात बसतो.

नेटला मायक्रोबायोलॉजीचा स्वतंत्र पेपर असतो, असंही अनेकांना वाटतं. सीएसआयआर-नेटमध्ये पेपर लाइफ सायन्सेसचा असतो. जीवरसायन, आनुवंशिकी, परिसंस्था सगळंच येतं. त्यामुळे बाकीचे विषय सोडून चालत नाही.

म्हणून पालकांना एकच विनंती. फी भरण्याआधी प्रयोगशाळा बघायला मागा. किती मुलांमागे एक मायक्रोस्कोप आहे, ऑटोक्लेव्ह चालू आहे का, शेवटच्या सेमिस्टरचा प्रकल्प कुठे करायला मिळतो, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा.