एकांतवासाची ओढ आणि कुटीप्रावेशिक रसायन

सर्व सोडून डोंगरात झोपडी बांधून राहावे, असे स्वप्न अनेक रुग्ण आम्हा वैद्यांपाशी बोलून दाखवितात. या ओढीला शास्त्रात आधार आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायाच्या चौथ्या पादात, ग्राम्य आहारविहाराने मंद झालेले ऋषी तो दोष ओळखून हिमालयाकडे गेले, अशी कथा येते.

तथापि त्याच अध्यायाच्या पहिल्या पादातील कुटी वनात सांगितलेली नाही. ती निर्भय नगरात, वैद्य व उपकरणे सुलभ असतील तेथे बांधावयाची आहे. तीन गर्भांची, जाड भिंतींची, लहान गवाक्षांची, अनिष्ट शब्द कानी न येणारी अशी ही वास्तू होय. मनोदोष टाकून, भूतमात्रांविषयी मैत्री धरून प्रवेश करावा. संशोधन होऊन बल आल्यावरच रसायन घ्यावे, असा क्रम आहे. हा विधी समर्थ, निरोगी, संयमी, सवड व साधने असलेल्यांसाठी आहे. इतरांना वातातपिक विधी सांगितला आहे.

म्हणून मधुमेही वा हृद्रोगी औषधे सोडून एकांतात जाऊ म्हणेल, तर त्यास परावृत्त करणे आपले कर्तव्य ठरते. निराशेपोटी कोणी माणसे टाळीत असेल, तर आधी मनोविकाराची तपासणी करावी. इतरांस आचाररसायन सुचवावे : सत्यवचन, अक्रोध, अहिंसा, जप, शौच आणि निद्रा-जागरणाचे साम्य. एकांतातून जी चित्तशुद्धी साधावयाची, तिचा आरंभ घरी राहूनही करता येतो.